बदक ‘बुडी मारतं’ का?

पायवाट: सकाळी तळ्याच्या कडेने फिरून आले की दिसलेलं चार ओळींत लिहून ठेवते. वसंतात रोज काही ना काही असतंच. परवा लिहिलं, ‘बदकाने बुडी मारली.’ बहिणीने वाचून विचारलं, बुडी कुठे? शेपूट तर वरच होतं! खरंच की. मान पाण्यात, धड उभं, शेपटी आभाळाकडे आणि तोल सांभाळायला नारिंगी पाय पाणी मारताहेत. मग वर येऊन मान झटकली, थेंब पाठीवरून मण्यांसारखे ओघळले. पाठ कोरडीच. याला क्रियापद कोणतं वापरायचं?

जुनी वही: बहिणीचं बरोबर आहे. बुडी म्हणजे अख्खं अंग पाण्याखाली. लालसरी नावाची बदकाची जात आहे, ती बुडी मारते. तिचे पाय बरेच मागे असतात, म्हणून पाण्यात चपळ आणि जमिनीवर अवघडलेली. तुम्ही पाहिलेलं बदक उथळ पाण्यात तळाचं खाणारं. ‘डोकं बुचकळलं’ लिहा. ‘बुचकळ्यात पडणं’ही त्यातूनच आलं असावं असं मला फार दिवस वाटतंय.

शब्दवेल्हाळ: बुचकळतात ते कपडे. मला ‘ओणवं होणं’ जवळचं वाटतं. लहान मूल दोन पायांमधून मागे बघायला वाकतं, अगदी तोच आकार. डुबकी मात्र कृपा करून लिहू नका, ती हिंदीची.

तळ्याकाठी: अहो, मग बदकाचं काय करायचं? तोही फारसी-अरबी ‘बत’च्या कुळातला. संस्कृतात कारंडव आहे, पण पाण्याकडे बोट दाखवून ‘ते बघ कारंडव’ म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. जो शब्द तोंडी रुळला तो आपला.

शब्दवेल्हाळ: रुळलेला शब्द टाका असं मी म्हणतच नाही. हातात चांगला शब्द असताना दुसरा उचलायची सवय लागते, तिचं मला वाईट वाटतं.

तळ्याकाठी: हातातले शब्द पाहायचे तर टिबुकली घ्या. पाण्यात खडा पडावा तशी टिबुक्कन जाते आणि भलतीकडेच वर येते. माझी मुलगी आणि मी ती कुठे निघेल ते आधी बोटाने दाखवतो. महिनाभरात मी दोनदाच जिंकलो. ती बदक नव्हे बरं का. बोटांना सलग पडदा नसतो, प्रत्येक बोटाला वेगळी झालर असते.

जुनी वही: थापट्या बदकाचं नावही असंच पाहून पडलेलं. चोच टोकाशी थापीसारखी रुंद, नाव तिथेच ठरलं. आणि हळदी-कुंकू बदक! चोचीचं टोक पिवळं, मुळाशी तांबडे ठिपके. असं नाव शब्दकोश घेऊन बसणाऱ्याला सुचत नाही, काठावर उभं राहणाऱ्याला सुचतं.

उनाड: आमच्या घरी ‘तो बदक’ म्हणतात. शाळेत त्यावरून गुण कापले होते, अजून आठवतं.

जुनी वही: ‘ते बदक’च. नर सांगायचा असेल तर ‘नर बदक’ म्हणावं.

पायवाट: माझं क्रियापद राहूनच गेलं! तूर्त ‘ओणवं झालं’ लिहिलंय. पण बहीण आता ‘फिरून आले’वर अडलीये. रोज ठरलेल्या वेळी जातेस, मग ‘वॉकला गेले’ म्हण, म्हणते.

उनाड: दोन्ही ठेवा. वॉकला जाणारा पावलं मोजतो, फिरायला गेलेला बदकापाशी थांबतो. मी दोन्ही करतो आणि दोन्ही शब्द वापरतो.

शब्दवेल्हाळ: फेरफटका असताना वॉक कशाला?

उनाड: फेरफटका एखाद्या दिवशी मारतात, रोजचा कसा होईल? असो. आज मादीमागे सात पिल्लं होती. सातवं गवतात अडकलं, चिवचिवलं, मग धावत येऊन सहाव्यावर आपटलं. घरी सांगताना ‘लेंढार’ म्हणालो तर आई रागावली.

तळ्याकाठी: रागावणारच, लेंढार म्हटलं की त्रासल्यासारखं वाटतं. पिल्लावळ म्हणा. त्यातलं ‘आवळ’ म्हणजे ओळच असावी, दीपावळीतल्यासारखी.

जुनी वही: पिल्लावळही कौतुकाने कुणी म्हणत नाही हो. ‘सात पिल्लं रांगेने’ एवढं पुरे आहे.

तळ्याकाठी: आमच्याकडे म्हणतात, कौतुकानेच.