खोक्यावर अपडेटची तारीख छापा, मग पासवर्डाचं बोला

शिवडीकर
काल इथे एकाने लिहिलं, स्मार्ट कॅमेऱ्याचं सरकारी प्रमाणपत्र म्हणजे भाव वाढवायचं निमित्त, ग्राहकाने पासवर्ड नीट ठेवला की झालं. वाचून डोकं फिरलं. उत्तर लांबणार आहे.

२०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे, त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारे डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे होतं काय? कारखान्यातून ठरून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांची यादी. ऑक्टोबरात त्याच यंत्रांच्या जोरावर वेबसाइटांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले. त्यातल्या कित्येक यंत्रांत मालकाने वरचा पासवर्ड बदलला तरी टेलनेटचा, म्हणजे दुरून यंत्रात शिरायच्या आतल्या वाटेचा, तसाच राहायचा. मालकाने काय नीट ठेवायचं होतं?

माझी आई शिवडीला एकटी असते. २०२१ मध्ये स्वयंपाकघराच्या दाराशी कॅमेरा लावला. दोन वर्षांत अ‍ॅपमध्ये संदेश आला, या मॉडेलला आता सपोर्ट नाही. कॅमेरा सुरू, निळा दिवा सुरू, अपडेट बंद. खोका अजून माळ्यावर आहे, परवा उतरवून चारही बाजू वाचल्या. अंधारात किती फूट दिसतं ते आहे, मेमरी कार्ड किती जीबीचं चालतं ते आहे. अपडेट कधीपर्यंत मिळणार, याबद्दल एक अक्षर नाही. दहा रुपयांच्या गोळ्यांच्या पट्टीवर तारीख असते!

ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून हे सक्तीचं केलं. सगळ्या यंत्रांना एकच पासवर्ड चालणार नाही, दोष कळवायला पत्ता द्यायचा आणि अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील ते विकतानाच सांगायचं. मला आपल्याकडे हेच हवंय.

ग्रँट रोडचा वायरमन
दादा, अठरा वर्षं कॅमेरे बसवतोय. आपल्याकडे नियम आलाय की. आधी ऑक्टोबर २०२४ ची तारीख होती, ती ९ एप्रिल २०२५ वर गेली. एसटीक्यूसी या सरकारी संस्थेची तपासणी, आतले डीबग पोर्ट (कारखान्यात चाचणीसाठी ठेवलेल्या जोडण्या) बंद, सगळं. मोठ्यांनी करून घेतलं. मी ज्याचा माल आणायचो तो छोटा ब्रँड गेला, आणि चार कॅमेऱ्यांच्या सेटचा भाव ऐकून गिऱ्हाईक परत जातं.

पासवर्ड कोण टाकतो ते पण ऐका. मी टाकतो. अवघड ठेवला की रात्री अकराला फोन, "विसरलो, या." फेरीचे पैसे कोणी देत नाही. म्हणून सगळ्यांना एकच ठेवतो. तुमचं लेबल माझा हात धरणार आहे का?

माटुंगा ईस्ट
हे तुम्ही उघड लिहिताय? एका घरचा पासवर्ड फुटला की तुमची सगळी गिऱ्हाइकं उघडी पडली. लोकांनी विश्वासाने घरात घेतलंय तुम्हाला.

ग्रँट रोडचा वायरमन
शिडीवर चढून ड्रिल मारून बघा, मग विश्वास शिकवा.

माटुंगा ईस्ट
बरं. शिवडीकर, तुमचंही अर्धंच. छापलेली तारीख कंपनीने पाळली नाही तर? सिंगापूरमध्ये २०२० पासून चार पातळ्यांचं लेबल आहे, पण तपासणी त्या दिवसापुरती असते, दोष नंतरही सापडतात. युरोपचा नवा कायदा बघा. ११ डिसेंबर २०२७ पासून साधारण किमान पाच वर्षं दोष दुरुस्त करून देणं उत्पादकावर बंधनकारक होईल. तुमच्यासारखी विनंती नाही ती.

शिवडीकर
ब्रिटनची विनंती नाही. १ कोटी पाउंड किंवा जागतिक उलाढालीच्या ४ टक्के, यात जास्त असेल तितका दंड होऊ शकतो. पण हो, दंडाविना तारीख फुकट, हे मी लिहायला हवं होतं. मान्य.

कांदिवलीची रहिवासी
तुमचे कायदे चालू द्या. आमच्या सोसायटीने मजल्यावर कॅमेरा लावला तो नेमका आमच्या दाराकडे. दार उघडलं की हॉलमधला सोफा दिसतो. सेक्रेटरींच्या फोनवर चोवीस तास लाइव्ह. गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये माझ्या मुलीला म्हणाले, "काल साडेअकरा झाले ना यायला?" एकवीस वर्षांची मुलगी, घरी येऊन रडली. कॅमेरा प्रमाणित आहे, मी नंबर तपासला. आता सांगा.

गोरेगावकर
ताई, आमच्याकडून दोन सायकली गेल्या होत्या, कॅमेऱ्यामुळेच सापडल्या. कमिटीचे लोक फुकट राबतात, त्यांनाच शिव्या.

कांदिवलीची रहिवासी
सायकली खाली असतात. माझ्या दारात कोणती सायकल आहे?

गोरेगावकर
जिन्यातून चोर येत नाहीत का? उद्या घरफोडी झाली की पहिला फोन सेक्रेटरींनाच कराल.

कांदिवलीची रहिवासी
चोर पकडायला रेकॉर्डिंग पुरतं. रोज रात्री मुली कधी येतात ते बघत बसावं लागत नाही. तुमच्या घरात मुलगी असती तर हे लिहिलं नसतं.

गोरेगावकर
घरावर जाऊ नका.

शिवडीकर
ताई, तुमचा त्रास खरा आहे, पण हा प्रश्न कमिटीचा. यंत्राच्या सुरक्षेचा धागा आहे हा.

कांदिवलीची रहिवासी
तुमच्या आईच्या स्वयंपाकघरात कोणी परक्याने डोकावू नये म्हणूनच लिहिलंत ना? माझ्याकडचा परका तिसऱ्या मजल्यावर राहतो, एवढाच फरक.

शिवडीकर
यावर माझ्याकडे उत्तर नाही.

ग्रँट रोडचा वायरमन
माझ्याकडे आहे. ताई, प्रायव्हसी मास्क नावाची सोय बहुतेक यंत्रांच्या मेन्यूत असते. तुमच्या दाराचा चौकोन काळा करता येतो, जिना दिसत राहतो. पाच मिनिटांचं काम. सेक्रेटरींचं लॉगिनही वेगळं करून लाइव्ह बंद ठेवता येतं. पण बसवणाऱ्याला कमिटीने सांगायला लागतं.

आणि माटुंगावाले, उद्या चेंबूरला काम आहे. तिथे पासवर्ड गिऱ्हाइकालाच टाकायला लावतो. जुन्यांचं एकेक करून बदलेन, एका दिवसात होणार नाही.

माटुंगा ईस्ट
सोसायट्यांपासून सुरू करा.

कांदिवलीची रहिवासी
कमिटी सांगणार नाही.

ग्रँट रोडचा वायरमन
मग लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि एजीएमच्या विषयपत्रिकेत घालायला लावा. कधी आहे?

कांदिवलीची रहिवासी
सप्टेंबरात. मास्कचं नाव त्या मेन्यूत नेमकं कुठे असतं ते लिहा, अर्जात तसंच घालते.