मदत हवी आहे: येळवस, 14 जानेवारी आणि आमची नवी सून

नमस्कार. आम्ही लातूरकडचे. मुलाचं लग्न उन्हाळ्यात झालं, सून बौद्ध घरातली. आता येळवस (वेळ अमावस्या, आमच्याकडचा शेतातला सण) तोंडावर आलीय. शेतात कडब्याची कोपी, आत पांडवांची पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील असं शेतातलं जेवण. तिनं आधीच सांगितलं, "आई, शेतात येते, भज्जीला हात लावते, पण पूजेला बसणार नाही." तिच्या माहेरी बाबासाहेबांच्या 22 प्रतिज्ञा पाळतात, त्यात हिंदू देवांची पूजा न करणं आलं. मला पटलं. (तसंही येळवशीला निम्मे लोक आंबिलीसाठीच येतात!) पण जावा-नणंदांना काय सांगू? पूजा उरकून तिला नंतर बोलवावं, तर बाजूला ठेवल्यासारखं दिसतं.

दुसरं म्हणजे 14 जानेवारी. आमची संक्रांत बहुतेक त्याच दिवशी, तिचा नामविस्तार दिन. 1994 साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं, त्याआधीच्या आंदोलनात तिचे वडील होते. तिच्या माहेरचे दरवर्षी विद्यापीठाच्या गेटवर अभिवादनाला जातात. यंदा मलाही सोबत जायचंय. हळदीकुंकू काय, रथसप्तमीपर्यंत कधीही होतं. तिथं जाताना काय न्यावं? गर्दी किती वाजता कमी असते?

घरात असे दोन्हीकडचे सण असणाऱ्यांनी कृपया सांगा. "धर्म बुडाला"वाल्या कमेंट नकोत.