अनुभव धागा: हातानं विणलेलं ब्रेसलेट

भाची सुट्टीत आली तेव्हा भरतकामाच्या दोऱ्यांची पेटी खाली काढली. सहा पदरी दोरा, लडीत 8 मीटर. चार दोरे घेऊन तिला चौकोनी गाठ शिकवली. मधले दोन ताणून पाटाला चिकटपट्टीनं लावायचे. डावा दोरा मधल्यांवरून नेऊन उजव्याच्या खाली सोडायचा, मग उजवा मधल्यांच्या खालून आणून डाव्याच्या वेढ्यातून वर काढायचा. पुढची गाठ उजवीकडून सुरू करायची, हे मात्र मी सांगायला विसरले. ती डावीकडूनच मारत राहिली आणि पट्टी जिन्यासारखी गोल पिळत गेली. उसवायला घेतली तर तिनं माझा हात धरला. तिला ती पिळदारच हवी होती, आणि खरंच सुरेख दिसत होती.

बाजूचे दोरे तयार पट्टीच्या निदान पाच-सहापट घ्या. मी चौपट घेतले आणि शेवटचा इंच राहून गेला.

तुम्ही कुणासाठी केलंत? किती टिकलं? सविस्तर लिहा.

नागपूर
शाळेत कार्यानुभवाच्या तासाला राख्या करायचो. रेशमाची लड मधोमध करकचून बांधायची, टोकं कापायची आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासत बसायचं, गोंडा शेवंतीसारखा फुलेपर्यंत. बांधणी सैल राहिली की निम्मे धागे ब्रशलाच यायचे! पुढे दादा नोकरीला लांब गेला. पाकिटातून पाठवलेल्या राखीचा काचेचा मणी वाटेत फुटला, तेव्हापासून त्याला नुसती तीनपेडी वेणी पाठवते, लाल-पिवळी. ती दिवाळीपर्यंत त्याच्या हातात असते.

सोलापूर
मी लेकासाठी काळ्या मण्यांच्या मनगट्या केल्या. आजी त्या पटवेकऱ्याकडून गाठवून आणायची. मला वाटलं, त्यात काय, मणी ओवायचे आणि बांधायचं. लेक सात महिन्यांचा असताना एका रात्री दोरा तुटला. मणी गादीभर, एक त्याच्या मुठीत आणि मूठ तोंडाकडे चाललेली. चोवीसच्या चोवीस मणी सापडेपर्यंत आम्ही दोघं टॉर्च घेऊन गादी चाचपत होतो. दुसऱ्या दिवशी आजीची जुनी मनगटी नीट पाहिली, तर दर दोन मण्यांमध्ये एक बारीक गाठ. दोरा तुटला तरी एखादाच मणी सुटावा म्हणून! इतकी वर्षं ती मला शोभेची वाटत होती. आता तशाच गाठवते, आणि झोपताना तरीही काढून ठेवते.

पिंपरी
टोकं मेणबत्तीवर वितळवून चिकटवायची युक्ती फक्त नायलॉनसारख्या कृत्रिम दोऱ्यासाठी. मी सुती दोऱ्यावर केली, तो सरळ जळला. दोन तासांचं काम गेलं.

वाई
वडिलांचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं आखडलेली. फिजिओथेरपीच्या ताई म्हणाल्या, बारीक काम करू द्या. मी मेण लावलेला सुती दोरा आणून दिला. त्यांनी तो दोन मिनिटं हातात फिरवला आणि म्हणाले, "दावंच की हे, बारकं."

जन्मभर बैल बांधलेला माणूस. आमच्याकडे दाव्याला सरफास कधी मारत नाहीत, जनावरानं ओढलं तर गळा आवळतो. पण मनगटासाठी सरकणारीच गाठ हवी होती, हात आत जाण्यापुरती सैल होणारी. ती त्यांनी बसवली. दोन्ही टोकं एकमेकांवरून उलट दिशांनी न्यायची आणि प्रत्येक टोकानं शेजारच्या दोऱ्याला वेढे देऊन गाठ मारायची. गाठी एकमेकींपासून लांब ओढल्या की ब्रेसलेट आवळतं, जवळ आणल्या की सैलावतं. पहिल्या आठवड्यात एका गाठीला पाव तास लागायचा आणि घाम यायचा. मदतीला हात पुढे केला की रागवायचे. दीड महिन्यात नातवंडांची सगळी मनगटं भरली. परवा त्या ताईंनाही एक दिलं, गाठ सरकवून दाखवली.

नागपूर
वाईकर, काकांना विचाराल का, वेढे किती घ्यायचे?

वाई
विचारलं. तीन. दोन घेतले तर गाठ निसटते, चारला सरकायला जड जाते. आणि म्हणाले, ओढायच्या आधी गाठ ओली करायला सांग.