टायटॅनिक म्हणून ऑलिंपिकच बुडवलं का? दावा तपासायचा कसा?

गोदाकाठ, नांदेड:
ग्रुपवर व्हिडिओ फिरतोय. विम्याच्या पैशासाठी टायटॅनिकसारखंच दिसणारं त्याच कंपनीचं ऑलिंपिक जहाज घेतलं, त्यावर टायटॅनिकचं नाव टाकून 1912 ला तेच बुडवलं म्हणे. पुरावा काय, तर पुढच्या भागातल्या गोल खिडक्या एका फोटोत 14, दुसऱ्यात 16. एकानं उत्तर दिलं की समुद्राच्या तळाशी सापडलेल्या जहाजाच्या पंख्यावर (प्रोपेलरवर) 401 आहे, विषय संपला. खरंच संपतो का?

मांजराकाठ, लातूर:
नाही संपत, भाऊ. टायटॅनिकचा बांधणी क्रमांक 401 आणि ऑलिंपिकचा 400, इथवर बरोबर. पण 20 सप्टेंबर 1911 ला 'हॉक' या युद्धनौकेशी टक्कर झाल्यावर ऑलिंपिकच्या दुरुस्तीत टायटॅनिकसाठीचा पंख्याचा दांडा वापरला होता. दावेवाला लगेच म्हणणार, पातंही तिकडचंच. चाक बघून ट्रॅक्टर कुणाचा ते ठरत नाही, चेसिस बघावी लागते.

खिडक्यांच्या बाबतीत आधी फोटोची तारीख बघा. 31 मे 1911 ला पाण्यात सोडलं तेव्हा टायटॅनिकलाही 14 च होत्या, दोन नंतर वाढवल्या. ऑलिंपिकलाही पुढं 16 झाल्या. त्यामुळं आकडा मोजून काहीच हाती लागत नाही.

चेसिस म्हणजे इथं बी डेक, म्हणजे जहाजाचा वरून एक मजला. ऑलिंपिकवर तिथं कडेनं फिरायची मोकळी वाट, म्हणून खिडक्या सारख्या अंतरावर. टायटॅनिकवर खोल्या थेट जहाजाच्या कडेपर्यंत नेल्या, म्हणून खिडक्या अरुंद आणि कमीजास्त अंतरावर. तळाशी असलेल्या पुढच्या तुकड्यावर हीच रचना दिसते. त्याच्या वरच्या ए डेकचा पुढचा अर्धा भागही काचांनी बंद केलेला आहे. ऑलिंपिकचा तो भंगारात जाईपर्यंत उघडाच होता.

बालाघाट, बीड:
विम्याचं गणितही करा की. जहाजाला खर्च साधारण 15 लाख पौंड, विमा 10 लाखांचा. पीकविम्याचा फॉर्म भरणाऱ्यालाही हा तोट्याचा धंदा कळंल.

गोदाकाठ, नांदेड:
पण रातोरात खोल्या बदलल्या असतील तर?

मांजराकाठ, लातूर:
कधी? नोव्हेंबर 1911 ला ऑलिंपिक पुन्हा प्रवासी घेऊन निघालं, तेव्हा टायटॅनिकचं आतलं काम अर्धवट होतं. अर्धवट जहाजात प्रवासी बसवणार कसे? नंतर मार्च 1912 मध्ये ऑलिंपिक पंख्याचं पातं बसवायला बेलफास्टला, जिथं दोन्ही जहाजं बांधली त्या गोदीत आलं, ते जेमतेम आठवडाभर. तेवढ्यात अख्ख्या डेकच्या भिंती सरकवून दोन्हीकडं तेच फर्निचर लावायचं, अन् गोदीतल्या हजारो कामगारांपैकी एकानंही तोंड उघडायचं नाही!