पुन्हा: पुन्हा: शनिवारचा सामना, मॅकार्थी आणि आपला १९ नंबर

प्रेषक: अनिरुद्ध (कॅन्टन)
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५, सकाळी ७.१०

मंडळी,

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. थँक्सगिव्हिंगसाठी कोलंबसहून, म्हणजे ओहायो स्टेटच्याच गावाहून, मेव्हणा सहकुटुंब आलाय. बेसमेंटमध्ये माझ्या शेजारी बसून त्याने मिशिगन-ओहायो स्टेटचा कॉलेज फुटबॉलचा अख्खा सामना पाहिला आणि एक शब्द बोलला नाही. नुसता चिवडा खात होता. २७-९ ने हरलो. ओरडला असता, नाचला असता तर परवडलं असतं.

सलग चार वर्षं ओहायो स्टेटला हरवलं होतं आपण मिशिगनवाल्यांनी. पाचव्या वर्षी, आपल्याच मैदानात, एक टचडाऊन नाही, म्हणजे चेंडू एकदाही शेवटच्या रेषेपलीकडे नेला नाही. तीन फील्ड गोल (तीन-तीन गुणांच्या किक), बस्स.

स्पष्टच लिहितो. आपला जुना क्वार्टरबॅक (पास टाकणारा खेळाडू) जे. जे. मॅकार्थी असता तर हे झालं नसतं. २०२२ साली त्याने कोलंबसमध्ये जाऊन २६३ यार्ड आणि तीन टचडाऊन पास टाकले, चौथा टचडाऊन स्वतः पळून केला. २०२३ मध्ये २० पैकी १६ पास पूर्ण. आणि आपला आत्ताचा क्वार्टरबॅक, १९ नंबरचा ब्राइस अंडरवूड? १८ पैकी ८. ६३ यार्ड. एक इंटरसेप्शन (पास समोरच्यांनी पकडला). ज्याला लुईझियाना स्टेटच्या ताटातून उचलून आणला, ज्याच्यासाठी चार वर्षांत कोटीभर डॉलर मोजल्याचं पेपरात छापून आलं, देशातला एक नंबरचा पोरगा म्हणे!

मॅकार्थीने सुरुवात केलेले सामने: २७ जिंकले, १ हरला. तुलनाच नको.

अनिरुद्ध

---

प्रेषक: मंजिरी (नोव्हाय)
रविवार, ३० नोव्हेंबर, सकाळी ९.३५

तुलना नको तर करतोस कशाला?

बाकी, चिटणीस या नात्याने: ही मेलयादी मंडळाच्या कामासाठी आहे. गुरुवारी ४ तारखेला दत्तजयंती आहे. कोण येणार आणि बटाटेवडे किती, हे आज रात्रीपर्यंत कळवा. मागच्या वेळी ६० सांगितले आणि ९० लोक आले.

मंजिरी

---

प्रेषक: शिरीष (ॲन आर्बर)
रविवार, ३० नोव्हेंबर, दुपारी २.५०

चि. अनिरुद्ध,

मेव्हण्याला चिवडा द्यायला नको होतास, हे आधी.

आता आकड्यांकडे येऊ, कारण आकडे तूच काढलेस. मागच्या वर्षी बरोबर आजच्या तारखेला, ३० नोव्हेंबर २०२४ रोजी, कोलंबसमध्ये आपला क्वार्टरबॅक होता डेव्हिस वॉरन. त्याने १६ पैकी ९ पास पूर्ण केले. यार्ड ६२. टचडाऊन शून्य, इंटरसेप्शन दोन. म्हणजे कालच्या पोरापेक्षा एक यार्ड कमी आणि एक चूक जास्त. आणि त्या संध्याकाळी तू मला फोन करून म्हणालास, "काका, जिलबी घेऊन येतोय." आलास की! १३-१० ने जिंकलो होतो. केलेल मलिंग्ज चेंडू काखेत मारून ११६ यार्ड धावला होता आणि ४५ सेकंद उरलेले असताना डॉमिनिक झ्वाडाने २१ यार्डांवरून किक मारली होती.

६२ यार्डांना जिलबी आणि ६३ यार्डांना शिव्या. हा हिशेब कोणत्या बँकेचा?

मॅकार्थीबद्दल वाद नाही. तो मोठाच. पण तू त्याचं मोठेपण यार्डांत मोजतोस म्हणून सांगतो: त्याने मिशिगनसाठी सर्वांत जास्त यार्ड कोणत्या सामन्यात टाकले? फिएस्टा बोल, म्हणजे त्या मोसमाचा उपांत्य सामना, ३१ डिसेंबर २०२२, टीसीयूविरुद्ध (टेक्सास ख्रिश्चन). ३४३ यार्ड. निकाल ५१-४५, आपण हरलो. त्याचे दोन पास त्यांनी पकडून थेट टचडाऊनला नेले. तुझ्या २७-१ मधला जो '१' आहे ना, तो हाच.

आणि माझ्या मते त्याचा सगळ्यात भारी सामना कोणता? ११ नोव्हेंबर २०२३, पेन स्टेट. आदल्याच दिवशी आपल्या गटाने, बिग टेनने, मुख्य प्रशिक्षक हार्बॉला निलंबित केलेलं, संघ विमानात असताना बातमी आलेली. शेरॉन मूर हंगामी प्रशिक्षक म्हणून उभा. त्या दिवशी मॅकार्थीने अख्ख्या सामन्यात आठ पास टाकले, सात पूर्ण, ६० यार्ड. त्यानंतर लागोपाठ ३२ वेळा नुसतं धावणं. उत्तरार्धात अधिकृत नोंदीत एकही पास नाही. एक टाकला होता, पण पेनल्टी पडल्यामुळे तो खात्यात धरला जात नाही. देशातले लोक हसत होते, हा कसला क्वार्टरबॅक. मी मात्र दादरला लहानाचा मोठा झालेला माणूस. मला ते बघताना शिवाजी पार्कची खडूस फलंदाजी आठवत होती. हातात फटके आहेत, सगळं पॅव्हिलियन ओरडतंय, आणि हा पठ्ठ्या चेंडू सोडतोय. २४-१५. पेन स्टेटच्या लाखभर लोकांना गप्प करून घरी आलो.

वीस वर्षांच्या पोराला, ज्याला एनएफएलचे (व्यावसायिक लीगचे) लोक रोज बघताहेत, त्याला सांगायचं की आज तू फक्त चेंडू दुसऱ्याच्या हातात द्यायचा. आणि त्याने तोंड वाकडं करायचं नाही. हे सोपं नाही रे.

त्याच मोसमात ह्यूस्टनच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यातही तेच. वॉशिंग्टनला ३४-१३ ने हरवलं तेव्हा त्याचे यार्ड १४०, टचडाऊन पास शून्य. कोरम आणि एडवर्ड्स या दोघांनी दोन-दोन टचडाऊन धावून केले. पण त्याआधी एक आठवडा, रोज बोलच्या उपांत्य सामन्यात अलाबामाविरुद्ध सात गुणांनी मागे असताना, शेवटच्या पाच मिनिटांत ७५ यार्डांचं अंतर त्यानेच कापलं. चौथ्या डाऊनला (शेवटच्या प्रयत्नाला) दोन यार्ड हवे होते तेव्हा कोरमला पास दिला आणि पुढे रोमन विल्सनला टचडाऊन. गरज पडली तेव्हा काढला, नाही तेव्हा म्यानात ठेवला.

आता तू त्याची तुलना करतोस १८ वर्षांच्या अंडरवूडशी. हा अन्याय आहे. मॅकार्थी १८ वर्षांचा होता तेव्हा, २०२१ मध्ये, केड मॅकनमाराच्या मागे बाकावर बसून होता. अख्ख्या हंगामात ५९ पास टाकले त्याने. आणि ३० ऑक्टोबरला ईस्ट लॅन्सिंगमध्ये त्याला मध्येच आत पाठवलं तर चौथ्या क्वार्टरमध्ये चेंडू हातातून सांडला, मिशिगन स्टेटने उचलला आणि सामना गेला, ३७-३३. एका वेळी ३०-१४ पुढे होतो आपण! तेव्हा याच यादीवर कुणीतरी लिहिलं होतं की या पोराला परत कधी आत पाठवू नका. कुणी लिहिलं ते मला आठवतंय, पण सांगत नाही.

त्याच वर्षी ओहायो स्टेटला ४२-२७ ने हरवून दहा वर्षांचा दुष्काळ संपवला तो मॅकनमाराने, हेही लोक विसरतात. पुढच्या मोसमात दुसऱ्या आठवड्यापासून त्याची जागा गेली. नंतर तो आयोवाला गेला.

पहिल्याच वर्षी, पहिल्याच सामन्यापासून खेळवलेली पोरं मी इथे आधीही पाहिली आहेत. २००४ मध्ये चॅड हेनी. पहिल्या वर्षीच रोज बोलपर्यंत घेऊन गेला, टेक्सासकडून ३८-३७ ने हरलो, एका गुणाने. चार वर्षं खेळला, विक्रम केले, पण ओहायो स्टेटला चारपैकी एकदाही हरवू शकला नाही. २००९ मध्ये टेट फोर्सिए. सप्टेंबरमध्ये नोत्र दामला शेवटच्या क्षणी ३८-३४ ने हरवलं तेव्हा आम्ही त्याला डोक्यावर घेतलं. नोव्हेंबरमध्ये ओहायो स्टेटविरुद्ध चार इंटरसेप्शन. दोन वर्षांत दिसेनासा झाला. त्यामुळे अंडरवूडचं काय होईल हे मी छातीठोक सांगणार नाही. एवढंच म्हणतो की त्याला त्याच्या वयाच्या पोरांशेजारी उभा कर.

जाता जाता: पोरगा बेलव्हिलचा आहे. तुम्ही-आम्ही आय-९४ वरून आई-बाबांना विमानतळावर आणायला जातो तेव्हा जी पाटी लागते, ते बेलव्हिल. मॅकार्थी इलिनॉयचा, शेवटचं वर्ष फ्लोरिडात शिकलेला. हा शेजारचा आहे. मला त्याचंच जास्त वाटतं, ही माझी पक्षपाती बाजू मान्य.

वडे आमचे दोघांचे चार.

शिरीषकाका

---

प्रेषक: सुलभा (ॲन आर्बर)
रविवार, ३० नोव्हेंबर, दुपारी ३.०५

आमचे सहा. यांना घरी एक सांगायचं आणि तिथे जाऊन चार खायचे, ही सवय आहे.

मला खेळातलं काही कळत नाही, पण मॅकार्थी सामन्याआधी गोलपोस्टच्या खांबाला पाठ लावून, मांडी घालून डोळे मिटून बसायचा ते मला फार आवडायचं. लाखावर माणसं आरडाओरडा करताहेत आणि हा ध्यानात. आमच्या घरात इतकी वर्षं सांगून कुणी पाच मिनिटं बसत नाही.

सुलभाकाकू

---

प्रेषक: ईशान (ॲन आर्बर)
रविवार, ३० नोव्हेंबर, रात्री ११.४८

काका, माझं लिहिलेलं मराठी चालवून घ्या. स्टुडंट सेक्शनमध्ये बर्फात उभा होतो, बोटं अजून आखडलेली आहेत.

तुमचं ६२ आणि ६३ वाचायला मस्त आहे, पण त्यात एक लबाडी आहे. मागच्या वर्षी वॉरनच्या मागे कोणता बचाव होता? मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट. दोघेही एप्रिलमध्ये एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये (खेळाडूंच्या निवडीत) पहिल्याच फेरीत गेले, ग्रॅहम तर पाचवा. ओहायो स्टेटला तेव्हा फक्त १० गुण करता आले. काल त्यांनी २७ केले. बचाव १० गुणांत अडवत असेल तर ६२ यार्ड पुरतात. २७ द्यायला लागले की ६३ यार्ड म्हणजे भीक.

आणि वॉरनकडून कुणाची अपेक्षाच नव्हती. तो स्कॉलरशिपशिवाय संघात आलेला, शाळेत असताना रक्ताच्या कॅन्सरमधून उठलेला मुलगा. तो मैदानात उभा राहिला यातच आम्हाला आनंद. बोल गेममध्ये अलाबामाविरुद्ध गुडघा गेला तेव्हा आमच्या खोलीत सगळे रडले होते. अंडरवूडला उद्धारक म्हणून आणलाय. माप वेगळं असणारच.

पण अनिरुद्धदादा, तुझंही पटत नाही. या पोराला वापरतात कसं ते बघ. सेंट्रल मिशिगनविरुद्ध तो नऊ वेळा धावला आणि ११४ यार्ड काढले, दोन टचडाऊन. मोठ्या सामन्यांत त्याला खुंटीला बांधल्यासारखा पॉकेटमध्ये (अडवणाऱ्यांच्या लाईनमागे) उभा करतात. ओक्लाहोमाला काय झालं? २४ पैकी ९ पास. तेव्हापासून ज्या संघाचा बचाव चांगला, तिथे हेच चित्र. चेंडू घेऊन धावणारा जस्टिस हेन्स ऑक्टोबरमध्ये पायाच्या दुखापतीने गेला, मग तर समोरच्याला कळतंच की धावणार कोण. मॅकार्थीकडे चेंडू सोपवायला कोरम होता आणि पुढे ती लाईन होती. ३२ वेळा धावायचं ठरवणं वेगळं आणि ३२ वेळा धावता येणं वेगळं.

पासही चुकतात त्याचे, ते खरं. समोरून जोर आला की मागच्या पायावर जातो आणि चेंडू उंच उडतो. काल तीन-चार वेळा माझ्या डोळ्यांसमोर झालं. पण हे शिकवता येतं. धावण्याचा तो वेग कोण शिकवणार?

वडा एकच, पण मोठा.

ईशान

---

प्रेषक: शिरीष (ॲन आर्बर)
सोमवार, १ डिसेंबर, सकाळी ६.२०

ईशान, बचावाचा मुद्दा मान्य. मी तो सोयीने गाळला होता. इंजिनीअर माणसाने असं करू नये.

"३२ वेळा धावता येणं वेगळं" हेही खरं. फक्त एक: लाईन चांगली असली तरी त्या लाईनवर विश्वास ठेवून गप्प बसणारा क्वार्टरबॅक लागतो. परवा तिसऱ्या क्वार्टरमध्ये अंडरवूड एकट्याने सामना ओढायला गेला असं मला वाटलं. तुला मैदानातून वेगळं दिसलं असेल. बर्फात मला टीव्हीवर धड यार्डाच्या रेघा दिसत नव्हत्या.

काका

---

प्रेषक: अनिरुद्ध (कॅन्टन)
सोमवार, १ डिसेंबर, दुपारी १२.१५

बरं. जिलबीचं खरं आहे, आणली होती. २०२१ ची ती मेलही माझीच, आता लपवण्यात अर्थ नाही.

वय आणि बचाव, दोन्ही मानलं. पण माझी मूळ तक्रार आहे तिथेच आहे. ९ जिंकले, ३ हरले, आणि तिन्ही वेळा समोर खरा संघ होता: ओक्लाहोमा, यूएससी, ओहायो स्टेट. मॅकार्थीला बाकावर बसायला एक वर्ष मिळालं, हे तुम्हीच लिहिलंत काका, आणि ते त्याच्या भल्याचंच झालं. मग याला का नाही मिळालं? इतके पैसे मोजल्यावर बाकावर बसवायची सोय राहत नाही, म्हणून. पोराची चूक नाही, पण नुकसान त्याचंच.

आणि मॅकार्थी मिनेसोटाच्या एनएफएल संघात काय करतोय ते मला कृपया कुणी पाठवू नका. पाहिलंय.

अनिरुद्ध

---

प्रेषक: मंजिरी (नोव्हाय)
सोमवार, १ डिसेंबर, दुपारी १२.४०

आतापर्यंत या धाग्यावर मेल आठ, वडे सात. कॅन्टनचा आकडा अजून नाही.

---

प्रेषक: अनिरुद्ध (कॅन्टन)
सोमवार, १ डिसेंबर, दुपारी १२.४४

आमचे दहा. मेव्हण्याने मुक्काम शुक्रवारपर्यंत वाढवलाय, तोही येतोय. त्याच्यासमोर विषय काढू नये ही विनंती. आणि मंजिरीताई, चिवडा ठेवू नका.