अनुताईंची कुरणशाळा
बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बालशिक्षण खेड्यात नेले, असे म्हटले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु १९४५ पासून आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीत आणि पुढे जवळच्या कोसबाडला त्यांच्यासोबत राबलेल्या, बालवयातच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ यांचा उल्लेख त्यासोबत हवाच. आदिवासी मुले गुरे राखतात म्हणून शाळेत येत नाहीत, हे ओळखून शाळाच कुरणावर नेणे आणि धाकटी भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी त्याच आवारात पाळणाघर चालवणे, ही मला या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. आमच्या खान्देशात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, पावरा आणि भिल्ल मुलांच्या गैरहजेरीमागे आजही हीच कारणे दिसतात, शिवाय ऊसतोडीचे स्थलांतर आहेच. तेथील शिक्षकांनी कोसबाडचा प्रयोग अवश्य अभ्यासावा.