श्रावणी सोमवार अधिक महिन्यातलेही धरायचे का?

उपाशी_सून: 2023 चा घोळ अजून डोक्यातून जात नाही. 18 जुलैला अधिक (म्हणजे जादाचा) श्रावण लागला, निज म्हणजे नेहमीचा श्रावण 17 ऑगस्टला. सासूबाईंनी आठही सोमवार धरले, मी निजातले चारच. तेव्हापासून घरात माझं नाव 'सोयीची उपासकरीण'. माझं म्हणणं सरळ आहे: वर्षाचं व्रत निज महिन्यात. नाहीतर दोन नागपंचम्या करा की! 2026 मध्येही 17 मेपासून अधिक ज्येष्ठ, पण वटपौर्णिमा निजातच, 29 जूनला.

जुनं_खोड: तुलनाच चुकली. नागपंचमी तिथीची, सोमवार वाराचा. अधिक म्हणजे पुरुषोत्तम मास. त्यात लग्नमुंजी बंद असतात, उपासाला बंदी कुणी घातली? जावयाला तेहतीस अनारसे देताना बरा चालतो अधिक!

उपाशी_सून: उपासाला ना नाहीच. पण मग शिवामूठ, म्हणजे पिंडीवर वाहायची धान्याची मूठ? पहिल्या सोमवारी तांदूळ, मग तीळ, मूग, जव. पाचवा आलाच तर सातू. सहाव्याला काय वाहायचं, हे सासूबाईंनाही सांगता आलं नाही.

माळकरी: आमच्याकडे ही भानगडच नाही. एकादशी दर महिन्याची, मग महिना अधिक असो वा निज. अधिकातल्या दोन्ही 'कमला', वर्षाच्या 24 च्या 26 होतात. भांडायला स्मार्त-भागवत, म्हणजे एकादशी आज धरायची की उद्या, हे पुरेसं आहे.

घटीपळे: चांद्रवर्ष 354 दिवसांचं, सौर 365 चं. मागे पडणारे 11 दिवस साठून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक जादा महिना येतो. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत, म्हणजे राशिबदलच होत नाही तो अधिक. 2023 ला सिंह संक्रांत 17 ऑगस्टला झाली, म्हणजे निजात. अधिकाला स्वतःचं नाव नसतं, पुढच्याचं उसनं घेतो. चारच सोमवार खरे.

कोकणी_भट: हे कुठल्या पंचांगाने म्हणता? टिळक पंचांगात राशिचक्राचा आरंभबिंदू वेगळा, संक्रांती सुमारे चार दिवस आधी, मकर संक्रांत 10 जानेवारीला. त्यामुळे एखाद्या वर्षी अधिक महिनाच दुसरा येतो आणि आमच्याकडे काही घरांत गणपती महिनाभर आधी बसतात. तुमचा 'खरा' श्रावण शेजारच्या घरात खोटा ठरतो.

घटीपळे: मान्य. पण एका पंचांगाच्या आत तरी नियम एकच ना?

जुनं_खोड: नियम गणिताचा. माझी आई आठही सोमवार धरायची. अधिकात नुसता बेल, शिवामूठ निजातच. तिला कुणी विचारलं नाही आणि तिने कुणाला सांगितलं नाही.

उपाशी_सून: अहो, मग तुमची आई माझ्याच बाजूची! हे सासूबाईंना वाचून दाखवते.

जुनं_खोड: उपास आठ झाले हेही वाचा.